टोल्यावर चालणारं गाव

९ डिसेंबर १९८३. मृत : चार. फळांच्या गोदामात पेट्या भरणाऱ्या तिघी आणि टपाल वाटणारा एक.

चौकशीच्या अहवालात या चौघांसाठी एकच शब्द वापरला आहे : अतिक्रमण करणारे. तो शब्द ज्या जबानीच्या आधाराने वापरला गेला, ती जबानी देणाऱ्या बाईला गावात टोलेकाकू म्हणत. जबानीच्या त्या दिवसापासून काकूंच्या आयुष्यात एकच गोष्ट उरली. आपल्या तोंडातून काढून घेतलेलं वाक्य त्यांना परत हवं होतं. बाकी आयुष्य त्या जगल्या. मुलगी शिकवली, नवऱ्याचं आजारपण काढलं, त्याला पोचवून आल्या. पण हे सगळं त्या एका वाक्याच्या अलीकडे-पलीकडे झालं.

स्टेशन लहान होतं. एक फलाट, एक मालधक्का, गाडी बाजूला उभी करायला एक जादा रूळवाट, आणि मास्तर व रुळांचे सांधे बदलणारा सांधेवाला यांची दोन क्वार्टर्स. डोंगराच्या उतारावरची फळं बाहेर न्यायची म्हणून कोणे एके काळी ते बांधलं गेलं. माणसं गाडीत बसू लागली ती नंतर, फळांच्या मागोमाग. गाव रुळांच्या एका अंगाला होतं आणि गोदाम दुसऱ्या अंगाला. रस्त्याने गोदामात जायचं तर गावाला वळसा पडे. म्हणून मालधक्क्याच्या टोकाशी, कुंपणाचे दोन खांब पडले होते तिथून, सगळं गाव रूळ ओलांडे. रेल्वेच्या नकाशात ही वाट नव्हती. गावाच्या पायांत मात्र ती तीन पिढ्या होती.

त्या जागी रूळ वळण घेतो आणि वळणावर मालधक्क्याची भिंत आडवी येते. गाडी दिसते तेव्हा ती अंगावरच आलेली असते. तरीही तिथे कधी कुणाच्या केसाला धक्का लागला नव्हता. कारण होती घंटा. ती खरी घंटाही नव्हती. फलाटाच्या छपराला साखळीने टांगलेला रुळाचा तुकडा, आणि वाजवायला लोखंडी कांब. अलीकडच्या स्टेशनातून गाडी सुटल्याचा फोन आला की एकदा टोले, आणि गाडी सिग्नलापाशी आली की दुसऱ्यांदा. नियमाप्रमाणे ते सांधेवाल्याने वाजवायचे. पण दुसऱ्या टोल्यांच्या वेळी सांधेवाला सांधे बदलायला फलाटाच्या पार दुसऱ्या टोकाला गेलेला असे. एक माणूस दोन ठिकाणी उभा राहू शकत नाही, हे नियम लिहिणाऱ्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. किंवा आलंही असेल. सांधेवाल्याला बायको असते, हेही त्यांना ठाऊक असणार.

तेव्हा दुसरे टोले आधी काकूंच्या सासूबाई वाजवत. त्यांचा खांदा धरला तेव्हा ते काम सुनेकडे आलं. घरातली भांडी, सासूची बोलणी आणि घंटा, असं सगळं एकदमच पदरात पडलं. मास्तर खिडकीतून हाक मारत, "काकू, सिग्नलला आली." काकू पीठ मळत असत, मुलीची वेणी घालत असत. तशाच उठत. कांबीवर पिठाचे हात सुकत. सांधेवाला नवरा घरी आला की म्हणे, "पगार माझा आणि हुकूम हिचा. हिने टोला दिल्याशिवाय इंजिनसुद्धा पुढे सरकत नाही."

"मग उद्या नाही देत," काकू म्हणत. "बघू तुमचं इंजिन काय करतं."

"उभं राहील बापडं. माझ्यासारखं."

गावाने त्या टोल्यांवर आपलं चालणं बसवलं होतं. टोले पडले की वाटेवरची माणसं जिथल्या तिथे थांबत, बोलणं तेवढं चालू राही. गाडी गेली की पाऊल पुढे पडे. आणि टोले नसतील तेव्हा कुणी मान वळवून पाहतही नसे. पाहण्यासारखं तिथे काही नव्हतंच. भिंत होती. म्हणून डोळ्यांचं काम कानांनी उचललं, आणि शांतता म्हणजे मोकळा रूळ, हे या गावातलं मूल चालायला लागण्याबरोबर शिके. ही चूक होती असं मागाहून सांगण्यात आलं. पण जी चूक तीन पिढ्या माणसं वाचवते, तिला त्या तीन पिढ्यांत कुणी चूक म्हणत नाही. आणि ती चूक आहे हे ज्यांना कागदावरून ठाऊक होतं, ते तेव्हा तिच्याच जिवावर एका माणसाच्या पगारात दोघांचं काम करून घेत होते.

मग फळं ट्रकने जाऊ लागली. त्या साली हिवाळा लागताना फर्मान आलं. प्रवासी गाड्या यापुढे इथे थांबणार नाहीत, स्टेशन बंद, सांधेवाल्याची बदली. मालगाड्या मात्र याच रुळावरून जात राहणार होत्या. पूर्वी त्या स्टेशनात शिरताना वेग कमी करत, आता करण्याचं कारण नव्हतं. ही गोष्ट गावाला सांगणं रेल्वेचं कर्तव्य होतं आणि ते तिने पार पाडलं. तिकिटाच्या खिडकीच्या काचेवर एक सूचना चिकटवली. स्टेशन बंद झाल्याची सूचना, बंद झालेल्या स्टेशनाच्या खिडकीवर. तिकीटच मिळणार नव्हतं, तेव्हा त्या खिडकीशी जाणार कोण?

सामान मोजून ताब्यात घ्यायला एक साहेब आला. बाकं, कंदील, वजनकाटा, फोन. नावाची पाटी उतरवली. तिच्याबरोबर रुळालगतची दुसरी एक पाटीही उपटली. इंजिनवाल्याने इथे शिट्टी द्यावी, असं ती पाटी सांगे. स्टेशन नाही तिथे शिट्टी कशाला, असा तो हिशेब. शेवटी त्याने घंटा साखळीतून काढायला लावली आणि पार्सलच्या खोलीत टाकली. काकू क्वार्टरच्या दारात सामान बांधत होत्या. त्या उठून गेल्या.

"साहेब, घंटा काढलीत ती काढलीत. फोनच नाही तर मी तरी कशावरून वाजवणार. पण त्या वाटेवर एक माणूस तरी ठेवा. नाहीतर ती वाट बुजवून टाका."

"कुठली वाट?"

"ती काय. आत्ता तुम्ही तिथूनच आलात."

साहेबाने हातातली यादी पाहिली. "ती वाट रेल्वेची नाही. जी वाट नाही, ती बुजवणार कशी?"

"मग तिच्यावरून सकाळ-संध्याकाळ माणसं चालतात, ती कशावरून चालतात?"

"बाई, तुम्ही काळजी करू नका. सूचना लावली आहे."

"लोक घंटेवर चालतात, साहेब. त्यांचे डोळे नाहीत त्या वाटेवर. कान आहेत."

साहेबाने मान हलवली. ती मान काय म्हणाली हे कुठेही लिहिलेलं नाही. मग त्याने यादीवर सही करून घेतली आणि तो गेला. काकूंच्या नवऱ्याने दिलेला चहा त्याने अर्धा ठेवला होता.

काकू गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. नवरा एकटाच बदलीवर जाणार होता, म्हणून त्यांनी गोदामामागच्या गल्लीत दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. तिथे सामान टाकलं आणि त्या घरोघर निघाल्या. गोदामात जाऊन एकेकीपुढे उभ्या राहिल्या. तिथली मुकादमीण त्यांची जिवाभावाची मैत्रीण. तिची धाकटी बहीण तेव्हा पेट्यांना खिळे ठोकत होती.

"घंटा नसेल हं आता," काकू म्हणाल्या. "बघून ओलांडा."

"स्टेशनच नाही तर घंटा कुठली?" धाकटी तोंडातले खिळे सांभाळत म्हणाली. "तुम्हालाच चुकल्यासारखं होत असेल, काकू. हात शिवशिवत असतील."

"माझ्या हाताचं सोड. तू मान वळव म्हणजे झालं."

"वळवीन की. देखणा असला ड्रायव्हर, तर दोनदा वळवीन."

सगळ्या हसल्या. काकूही हसल्या. घरोघर हेच झालं. लोकांनी हो म्हटलं, उसासा टाकला, स्टेशनच्या आठवणी काढल्या. काकू धोक्याचं सांगत होत्या आणि गाव ते निरोपाचं बोलणं समजून ऐकत होतं. यात गाव बेफिकीर होतं असं म्हणणं सोपं आहे. पण एखादी गोष्ट डोक्याला कळणं निराळं आणि पायाला कळणं निराळं. डोक्याला सांगून पाय बदलत नाहीत. म्हणून तर जगात फाटकं असतात, कठडे असतात, पूल असतात. पुलासाठी गावाने पूर्वी अर्ज केला होता. वाट अधिकृत नसल्याने पुलाची आवश्यकता दिसून येत नाही, असं उत्तर आलं होतं.

पुढे महिनाही झाला नव्हता. सकाळी धुकं होतं. पाळी सुरू व्हायच्या आधी तिघी बोलत निघाल्या, मुकादमिणीची धाकटी बहीण त्यांतली एक, टपालवाला सायकल हातात धरून त्यांच्यामागे होता. टोले पडले नाहीत, म्हणून कुणी थांबलं नाही. मालगाडी भिंतीआडून आली. तिने शिट्टी दिली नाही. ती द्यायला सांगणारी पाटी स्टेशनाबरोबर गेली होती.

काकू खोलीत होत्या. ब्रेकांचा आवाज त्यांनी ऐकला. त्या धावल्या तेव्हा हात उगाचच कांब धरावी तसा वर गेला होता, हे त्यांनी पुढे फक्त मुलीला सांगितलं.

चौकशी बंद स्टेशनच्याच प्रतीक्षालयात झाली. कुठून तरी टेबल आणलं, त्यावर पाण्याचा तांब्या ठेवला. चौकशी करणारा अधिकारी मृदू आवाजाचा होता. त्याने काकूंना खुर्ची दिली. रेल्वेने काकूंना त्याआधी कधीही खुर्ची दिली नव्हती.

"तुम्ही लोकांना सांगितलं होतं का, की आता घंटा वाजणार नाही?"

काकूंना वाटलं, आपण हात बांधून बसलो नव्हतो, हे या भल्या माणसाला कळावं. "सांगितलं ना, साहेब. घरोघर जाऊन सांगितलं."

"गोदामातही?"

"तिथे तर एकेकीला. मुकादमिणीच्या बहिणीशी मी स्वतः बोलले."

"ती काय म्हणाली?"

"हो म्हणाली."

लेखणी चालत राहिली. काकू पुढे काही सांगणार होत्या. अधिकारी म्हणाला, "पुरे. फार मोलाची माहिती दिलीत." आणि पुढच्या साक्षीदाराला हाक मारली.

अहवाल आला. मृतांना धोक्याची पूर्वसूचना प्रत्यक्ष व व्यक्तिशः मिळालेली होती, हे रेल्वे कर्मचाऱ्याच्या पत्नीच्या जबानीवरून सिद्ध होते. ती असतानाही त्यांनी अनधिकृत जागी रूळ ओलांडला. सबब रेल्वे प्रशासनाकडे कोणताही दोष येत नाही. बत्तीस वर्षांची सासूची आणि सुनेची घंटा या अहवालात कुठेही नव्हती. ती वाजवणारीला रेल्वेने कधी आपलं मानलं नाही. ती रेल्वेची झाली ती एकदाच, जबानीच्या वेळी. चोर सोडून संन्याशाला फाशी, हे आपण नेहमी ऐकतो. इथे दोर वळायलाही संन्याशाच्याच सोबतिणीला बसवलं होतं.

आठवड्याने एका संध्याकाळी मुकादमीण दारात आली. आत आली नाही.

"हो म्हणाली माझी बहीण. एवढंच सांगायचं होतं तुला त्यांना?"

"अगं, मी चांगल्यासाठी..."

"तुझ्या तोंडाने ती चोर ठरली. तिच्या पोराला आता शाळेत विचारतात, तुझी आई रेल्वेत चोरून शिरली होती का."

काकूंनी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं तशी ती मागे सरली. त्यानंतर पस्तीस वर्षं दोघी एकाच गल्लीत राहिल्या. एकाच नळावर पाणी भरलं. एकीची बादली भरेपर्यंत दुसरी भिंतीकडे तोंड करून उभी राही. गल्लीतल्या सुनांना वाटे, या दोघींचं पाण्यावरून बिनसलं असेल.

काकू स्वतःला दोष देत बसल्या नाहीत. मुलीने एकदा समजूत घालायला म्हटलं, "आई, तुझी काही चूक नव्हती."

"माहीत आहे मला," काकू म्हणाल्या. "म्हणूनच तर झोप लागत नाही. चूक असती तर एव्हाना पचवली असती."

मग स्टेशनचे दिवस पालटले. रिकाम्या इमारतीत शेवाळ आणि जुगारी सोडून काही राहिलं नव्हतं. ती रेल्वेकडून भाड्याने घेऊन गावाने वाचनालय करायचं ठरवलं. समितीचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. गावातल्या निम्म्या जबड्यांत त्यांचा हात जाऊन आलेला, त्यामुळे त्यांच्यापुढे तोंड उघडायला लोक जरा बिचकत. माणूस सज्जन होता. पार्सलची खोली साफ करताना रुळाचा तुकडा सापडला, तेव्हा ते स्वतः काकूंकडे आले.

"काकू, उद्घाटनाला पहिला टोला तुमच्या हातचा पडला पाहिजे. रेल्वेचे मोठे साहेब येणार आहेत. तुमचा सत्कार करणार आहेत."

"आणि भिंतीवर इतिहास लावणार आहात म्हणे."

"हो, मोठी पाटी केली आहे. स्टेशन कधी बांधलं, फळांचा व्यापार, घंटेची गोड पद्धत. तुमच्या सासूबाईंचाही उल्लेख आहे."

"बंद कसं झालं, ते?"

"काळाच्या ओघात बंद झालं, असं लिहिलं आहे."

"ओघाने सही केली होती का?"

डॉक्टर हसले. पण काकू हसल्या नाहीत, म्हणून त्यांनीही हसू आवरलं.

"ते चौघे आहेत पाटीवर?"

डॉक्टरांनी चष्मा पुसला. "काकू, खरं सांगतो. मी प्रयत्न केला. इमारत त्यांची आहे. ते म्हणाले, लिहायचं असेल तर नोंदीप्रमाणे लिहा. अनधिकृतपणे रूळ ओलांडताना मृत्यू. मी म्हटलं, त्यापेक्षा नकोच. त्या घरांना पुन्हा कशाला दुखवायचं?"

"नोंद तशी का झाली, माहीत आहे?"

"वाचली मी," डॉक्टर खाली पाहत म्हणाले. "तुमची जबानी आहे."

भल्या माणसांच्या अशा सौजन्याने जगातला अर्धा अन्याय टिकून राहतो. दुखवू नये म्हणून ते बोलत नाहीत, आणि न बोलण्याचा फायदा नेहमी दुखावणाऱ्याला मिळतो.

"येईन मी," काकू म्हणाल्या.

उद्घाटनाच्या दुपारी फलाटावर खुर्च्या मांडल्या होत्या. छपराला पुन्हा साखळी लावली होती, रुळाचा तुकडा घासूनपुसून काळा रंगवला होता. मोठा साहेब वयाने लहान होता. अपघात झाला तेव्हा त्याचा जन्मही झाला नसेल. त्याने घंटेला आपल्या वारशाचा मधुर स्वर म्हटलं. मग डॉक्टरांनी कांब काकूंच्या हातात दिली. छायाचित्र घेणारा गुडघा टेकून बसला.

काकूंनी कांब हातात धरून ठेवली.

"टोला देण्याआधी मला बोलायचं आहे," त्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण हाक ऐकून उठण्यात आयुष्य गेलेल्या बाईला लोकांना ऐकायला लावणं जमतं. "घंटा बंद होणार हे मी लोकांना सांगितलं होतं. ते खरं आहे. ते तुमच्या कागदावर आहे. पण मी आणखी एकाला सांगितलं होतं. तुमच्या साहेबाला. सामान न्यायला आला होता त्याला, इथेच उभी राहून सांगितलं. माणूस ठेवा म्हटलं, नाहीतर वाट बुजवा म्हटलं. त्याने मान हलवली. चौकशीत मला विचारलं, लोकांना सांगितलं का. तुम्हाला सांगितलं का, हे कुणी विचारलं नाही. आणि मी सांगायला गेले तेव्हा म्हणाले, पुरे."

डॉक्टर पुढे झाले, तसा काकूंनी त्यांना हातानेच थांबवलं.

"ज्याला सांगितलं होतं त्याचा दोष, असा तुमचा न्याय आहे ना? मग दोन ठिकाणी सांगितलं होतं. माझी अर्धी जबानी घेऊन तुम्ही चार माणसं गुन्हेगार केलीत. उरलेली अर्धी आज देते आहे. लिहून घ्या. मग वाजवते."

मोठ्या साहेबाने आपल्याबरोबरच्या माणसाकडे पाहिलं. त्याने फुलांच्या गुच्छाकडे पाहिलं. साहेब उठून म्हणाला की ताईंच्या भावनांचा आपण आदर करतो, परंतु प्रकरण फार जुनं आहे आणि आजचा प्रसंग आनंदाचा आहे.

"तुमचा आनंदाचा आहे," काकू म्हणाल्या. "घ्या, वाजवा."

त्यांनी कांब खुर्चीवर ठेवली. एखाद्याच्या घरी विसरलेली वस्तू परत करावी तशी. डॉक्टरांनी कांब उचलली. शेवटी त्यांनीच तो टोला दिला. तो तिरपा बसला आणि भांडं पडावं तसा वाजला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, अर्ध्यांनी वाजवून मध्येच थांबवल्या.

काकू फलाटावरून उतरून मालधक्क्याच्या दिशेने निघाल्या. मुलगी मागून येत होती. तिच्याही मागून काठीचा आवाज आला. मुकादमीण होती. शेवटच्या रांगेतून ती उठून आली होती, आणि तिला धाप लागली होती.

"हे तेव्हा का नाही बोललीस?"

"तेव्हा विचारलं तेवढंच बोलले. मोठ्या माणसाने खुर्ची दिली, त्यात भुलले."

"मला तरी सांगायचंस."

"तू आत कुठे आलीस?"

मुकादमीण काठीवर टेकून उभी राहिली. "मीही विचारलं नाही," ती म्हणाली. "मीसुद्धा एवढंच ऐकलं, की ती हो म्हणाली."

मुलीने दोघींचे हात धरले. त्या रुळाशी थांबल्या, दोन्हीकडे पाहिलं, एका बाजूला भिंत होती म्हणून जास्त वेळ पाहिलं, आणि पलीकडे गेल्या.

काकूंनी त्या दिवशी सांगितलेली अर्धी जबानी रेल्वेने लिहून घेतलेली नाही. पाटीवर चौघे नाहीत. नोंदीत ते आजही अतिक्रमण करणारे आहेत. त्यांच्या चार घरांपैकी एकाही घराची कुणी क्षमा मागितलेली नाही. वाट चालू आहे. पूल झालेला नाही.